बालपणाचे वर्षासन

दापोडीचा पूल ओलांडून मुंबईच्या जुन्या रस्त्याला लागले म्हणजे कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, निगडी अशी गावांची जी ओळ लागते, आणि नाशिक रस्त्याने भोसरी व मोशी मागे टाकून इंद्रायणी उतरले म्हणजे कुरुळी, नाणेकरवाडी, खराबवाडी, महाळुंगे अशी जी दुसरी ओळ चाकणभोवती पसरलेली दिसते, त्या दोन ओळींत गेल्या सत्तर वर्षांत महाराष्ट्राने आपले औद्योगिक ऐश्वर्य एकवटले आहे. १९५४ साली पिंपरीच्या माळावर हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ जन्मास आले. १९७० साली नगरपालिका आणि १९८२ साली महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत या महानगरीची वस्ती सव्वासतरा लाखांवर गेली. पुढे जागा अपुरी पडू लागली तशी कारखानदारी उत्तरेकडे सरकली, आणि बजाज, फोक्सवॅगन, मर्सिडीज, महिंद्र अशा कंपन्यांनी चाकणच्या ज्वारी-बाजरीच्या आणि कांद्याच्या रानांत आपले तळ ठोकले.

या ऐश्वर्याची मोजदाद ठेवणारी दप्तरे पुष्कळ आहेत. दरसाल किती मोटारी बाहेर पडल्या, किती निर्यात झाली, महसूल किती जमा झाला, याचे आकडे मागताक्षणी मिळतात. परंतु या कारखान्यांच्या ओढीने परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर, बीड, बुलढाणा येथून, आणि त्याही पलीकडे उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून जी कुटुंबे येथे आली, त्यांतील एखादे कुटुंब मध्येच मोडले, बाप यंत्राखाली वा रस्त्यावर गेला, व्यसनाने निकामी झाला किंवा सरळ परागंदा झाला, आई अंथरुणाला खिळली किंवा दुसऱ्या संसाराला लागली, तर त्या घरातील नऊ-दहा वर्षांच्या मुलाच्या शिक्षणाची तजवीज कोणी करावयाची, किती वर्षे करावयाची आणि कोणत्या खात्यातून करावयाची, या प्रश्नाचे उत्तर एका जागी मिळत नाही. जून जवळ आला की वसतिगृहांच्या दारांशी माणसे येतात आणि एकच वाक्य बोलतात, ‘पोराला बोर्डिंगात घालायचंय.’ त्या वाक्यामागची कैफियत ऐकून घेण्यास वेळ लागतो, आणि ती कागदावर उतरविण्यास त्याहून अधिक लागतो.

अडचण नेमकी कोठे आहे, हे पाहावयाचे तर महाळुंगे-खराबवाडीकडील पत्र्याच्या खोल्यांची एखादी चाळ डोळ्यांसमोर आणावी. गावातल्या जमीनमालकाने रस्त्यालगत दहा बाय दहाच्या दहा-बारा खोल्या एका ओळीत बांधलेल्या. टोकाला दोन सामाईक संडास, मध्ये एक नळ, आणि प्रत्येक दारापुढे एक चपलांचा ढीग. येथे एक आजी आपल्या नातवासह राहते असे धरून चालू. मुलगा कंपनीत ठेकेदाराकडे होता, तो वारला. सून माहेरी गेली ती परतली नाही. आजी दिवसा दोन घरची धुणीभांडी करते. कोणीतरी तिला सांगते की सरकारची बालसंगोपन योजना आहे, अर्ज करा. अर्जासोबत लागते काय? बापाच्या मृत्यूचा दाखला, जो गावी नोंदलेला असतो. शिधापत्रिका, जी गावच्या रास्त भाव दुकानात अडकलेली असते. उत्पन्नाचा दाखला, तोही गावच्या तलाठ्याकडचा. शाळेचे बोनाफाईड, आधार, बँकेचे पासबुक. आणि शेवटी मुलाचा पालकासह घरासमोर उभे राहून काढलेला फोटो. आता घर कोणते? खोलीमालक भाडेकरार लिहून देत नाही, कारण कागद झाला की घरपट्टीचा आणि पोलीस पडताळणीचा ससेमिरा मागे लागेल अशी त्याला धास्ती. ‘माझ्या खोलीपुढं फोटो नको’ असे तो सरळ बजावतो. गावचे घर पडलेले. ज्या घराच्या अभावामुळे हा अर्ज करावा लागतो आहे, त्या घरासमोर उभे राहून छायाचित्र काढून आणण्याची ही अट आजीच्या लक्षात येत नाही, आणि आपणही तिला ती समजावून सांगू शकत नाही.

आपल्याकडील बहुतेक शिष्यवृत्त्या आणि वसतिगृहे दोन दाखल्यांवर चालतात, जातीच्या आणि उत्पन्नाच्या. त्यांची ऐतिहासिक आवश्यकता वादातीत आहे, आणि त्या दाखल्यांच्या बळावर शिकून उभ्या राहिलेल्या पिढ्या हाच त्याचा पुरावा होय. परंतु घर मोडल्याचा दाखला कोणताही तहसीलदार देत नाही. बाप जिवंत आहे पण घरी येत नाही, आई आहे पण रात्रपाळीला असते आणि मुलगी शेजाऱ्यांच्या भरवशावर खोलीत एकटी राहते, या गोष्टींना शिक्का नाही. म्हणूनच त्या कोणत्याही रकान्यात बसत नाहीत.

हा प्रश्न महाराष्ट्रापुढे प्रथमच उभा आहे असे मात्र नाही. निवासाची सोय ही शिक्षणाची पूर्वअट आहे, शाळा उघडून भागत नाही, शाळेजवळ ताट आणि अंथरूण मिळाल्याशिवाय खेड्यातील मूल शिकणार नाही, हे ज्यांनी सर्वांआधी राज्यकारभाराच्या पातळीवर ओळखले ते कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून आरंभ करून त्यांनी जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य मानलेले वर्ग, अशा एकेका समाजासाठी वसतिगृहे निघावीत म्हणून जागा दिल्या, इमारती दिल्या आणि वार्षिक अनुदाने बांधून दिली. या शेवटच्या गोष्टीकडे आपले लक्ष कमी जाते. इमारतीच्या कोनशिलेवर नाव कोरले जाते. वार्षिक नेमणुकीवर कोणाचे नाव कोरता येत नाही. तरीही वसतिगृह चालते ते नेमणुकीवर, आणि महाराजांनी ती दरबारच्या शिरस्त्यात बसविली, म्हणजे कोणाच्या लहरीवर ठेवली नाही.

त्याच कोल्हापुरात जैन बोर्डिंगात राहून शिकत असलेल्या एका विद्यार्थ्याने अस्पृश्य मुलांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास हजेरी लावली, परतल्यावर आंघोळ करून शुद्ध होण्याचे नाकारले आणि त्यापायी बोर्डिंगातून नाव घालवून घेतले. कुंभोज गावी १८८७ साली जन्मलेला हा विद्यार्थी म्हणजे भाऊराव पाटील. वसतिगृहाचे छप्पर किती मोलाचे असते, आणि ते काढून घेणाऱ्याच्या हातात किती सत्ता असते, हे दोन्ही धडे त्यांना एकाच प्रसंगी मिळाले असे म्हणता येईल. १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले ते जातवार नव्हे तर सर्व जातिधर्मांच्या मुलांना एकाच पंक्तीत बसविणारे. १९२७ साली गांधीजी तेथे आले आणि त्या वसतिगृहाला शाहू छत्रपतींचे नाव देण्यात आले. मुले दळण दळीत, स्वयंपाक करीत, बागेत खपत. आपल्या ताटातल्या भाकरीत आपले श्रम आहेत ही जाणीव त्यांना मिंधेपणापासून वाचवी. वसतिगृहात धान्य संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, अखेरीस मंगळसूत्रही, मोडावयास दिले, ही हकीगत महाराष्ट्राच्या घराघरांत ठाऊक आहे. त्या हकीगतीपुढे आपण हात जोडतो हे योग्यच. पण तिचा दुसराही अर्थ आहे, तो असा की त्या काळी इतक्या मुलांच्या दोन वेळच्या जेवणाची स्थायी तरतूद कोठेच नव्हती आणि म्हणून ती एका गृहिणीच्या गळ्यातून काढावी लागली. ज्या समाजात अशा त्यागाच्या कथा वारंवार सांगाव्या लागतात, त्याने आपले जमाखर्च एकदा तपासून पाहावेत.

कारखानदारीच्या या पट्ट्यात बसून भाऊरावांचे चरित्र वाचताना त्यातील आणखी एक प्रकरण विशेष लक्ष वेधून घेते. शिक्षणकार्यात पूर्णपणे पडण्यापूर्वी भाऊराव हे उद्योगाच्या जगातले गृहस्थ होते. ओगल्यांच्या काचकारखान्याचे कंदील आणि किर्लोस्करांचे लोखंडी नांगर घेऊन ते गावोगाव हिंडले. विक्रेता म्हणून त्यांनी जो मुलूख पायाखाली घातला त्यातूनच पुढे त्यांना आपल्या वसतिगृहाची मुले दिसली. साताऱ्यात धनजीशा कूपर यांचा नांगरांचा कारखाना उभारण्यातही त्यांचा हात होता, आणि त्या कारखान्याच्या उत्पन्नातील काही हिस्सा बहुजनांच्या मुलांच्या शिक्षणाकडे वळवावयाचा अशी बोली झाली होती, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. बोली पाळली गेली नाही. भाऊराव संतापून बाहेर पडले आणि कारखान्याचा नाद त्यांनी कायमचा सोडला. उद्योगाच्या नफ्यात त्याच मुलखातील मुलांचा वाटा आहे, आणि तो मर्जीचा नसून हक्काचा आहे, हा दावा महाराष्ट्रात इतक्या स्पष्टपणे आणि इतक्या लवकर दुसऱ्या कोणी मांडल्याचे आठवत नाही.

वसतिगृहाची दुसरी परंपरा मधुकरीची. १९०९ साली पुण्यात अनाथ विद्यार्थी गृह निघाले, आज ज्यास पुणे विद्यार्थी गृह म्हणतात ते. तेथील मुले झोळी घेऊन घरोघर जात आणि जे मिळेल ते एकत्र करून खात. त्याआधीपासून ‘वार लावून जेवणे’ हा तर पुण्याच्या विद्यार्थिजीवनाचा अंगभूत भागच होता, सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. चाकणपासून हाकेच्या अंतरावर आळंदीस जोगमहाराजांनी १९१७ साली वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली, आणि तेथेही शिक्षण विनामूल्य व अन्न मधुकरीचे ही रीत चालत आली. या पद्धतीची थोरवी अशी की खर्च सगळ्या गावावर विभागला जाई आणि एकाही घराला तो जड होत नसे. उणीव अशी की सातांपैकी एक वार रिकामा राहिला तर मुलाने त्या दिवशी उपाशी राहावयाचे. आज वार लावणारी घरे उरली नाहीत. पण रिकाम्या वाराचे भय आपल्या खाजगी वसतिगृहांच्या मागे अद्याप तसेच आहे. वर्षातील काही महिने देणग्या ओसंडतात, दिवाळीत आणि वाढदिवसांना मिठाई ठेवायला जागा पुरत नाही, आणि मार्च-एप्रिलात किराण्याचे बिल थकते.

या पट्ट्यात आज जी कामे उभी आहेत त्यांपैकी दोन ठळक आहेत आणि दोन्हींचा स्वभाव निराळा आहे. चिंचवडगावात, चापेकर बंधूंच्या स्मारकाचे कार्य चालविणाऱ्या समितीने २००६ साली पुनरुत्थान समरसता गुरुकुलम सुरू केले. त्यामागील प्रमुख प्रेरणा गिरीश प्रभुणे यांची. तुळजापूर तालुक्यातील यमगरवाडी येथे १९९३ साली सुरू झालेल्या पारधी मुलांच्या निवासी शाळेच्या उभारणीतही ते होते, आणि २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. ज्यांच्या पूर्वजांना १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरविले, आणि १९५२ साली तो कायदा रद्द होऊनही ज्यांच्यामागची पोलिसी नजर हटली नाही, अशा भटक्या-विमुक्त जमातींची मुले येथे राहून शालान्त परीक्षेचा अभ्यास करतात आणि त्याबरोबर परंपरागत कारागिरीही शिकतात. येथे वसतिगृहाचे कार्य शिक्षणापलीकडे जाते. पालावर राहणाऱ्या आणि महिन्याला मुक्काम हलविणाऱ्या आईबापांच्या कुटुंबात ज्याला कायमचा पत्ता आहे असे माणूस बहुधा हे मूलच असते. शिधापत्रिका, आधार, जातीचा दाखला यांची सुरुवात घरातल्या वडीलधाऱ्यांपासून न होता शाळेतल्या मुलापासून होते. प्रभुण्यांना पद्मश्री जाहीर झाल्याच्याच सुमारास महानगरपालिकेने या गुरुकुलास मिळकतकराच्या कोटीहून अधिक थकबाकीची नोटीस पाठविल्याचे वृत्त झळकले होते. कर आकारणीच्या नियमाप्रमाणे ते कदाचित यथास्थित असेल. पण सन्मान एका खात्याने आणि मागणी दुसऱ्या खात्याने करावी, आणि मुलांच्या ताटाची चौकशी कोणत्याच खात्याने करू नये, यात आपल्या व्यवस्थेचे यथार्थ दर्शन घडते.

दुसरे काम ‘स्नेहवन’चे. परभणी जिल्ह्यातील मंगरूळ गावचे अशोक देशमाने हे पुण्यात संगणक अभियंता म्हणून नोकरी करीत होते. मराठवाड्यातील लागोपाठच्या दुष्काळाच्या दिवसांत, २०१५ साली, आत्महत्याग्रस्त आणि हलाखीत सापडलेल्या शेतकरी कुटुंबांतील मूठभर मुले आणून त्यांनी भोसरीत हे घर सुरू केले, आणि पुढे नोकरी सोडून पत्नीसह त्यालाच वाहून घेतले. कालांतराने हा संसार खेड तालुक्यातील कोयाळी येथे, देणगीदाखल मिळालेल्या जमिनीवर हलला. ज्या मराठवाड्यातून तरुण मजूर म्हणून या पट्ट्यात येतात त्याच मराठवाड्यातून मुले विद्यार्थी म्हणून येथे यावीत, आणि कारखान्यांच्या छायेत राहून त्यांनी कारखान्याच्या फाटकापलीकडच्या जागा मिळवाव्यात, अशी ही योजना आहे. पण ती सरकारी नकाशावर आखलेली नव्हती, एका नोकरदाराच्या पगारावर ती सुरू झाली.

या दोहोंच्या बरोबरीने वाघोलीचे नाव घ्यावयास हवे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे १२०० मुलांना पुण्यास आणून त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली, आणि वाघोलीस त्यांच्यासाठी निवासी संकुल उभारले. भूकंपाची बातमी वृत्तपत्रांतून काही आठवड्यांत नाहीशी झाली. मुले मात्र तेथे वर्षानुवर्षे राहिली आणि शिकली. पुढे त्याच संकुलात मेळघाटातील आदिवासी मुलांना आणि आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या मुलांनाही आसरा मिळाला. दात्याची करुणा ओसरल्यानंतरही जी व्यवस्था चालू राहते तिलाच शिष्यवृत्ती म्हणावयाचे असेल, तर या कामाची गणना त्यात करावी लागेल.

सरकार याबाबत काहीच करीत नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. आदिवासी विभागाच्या आश्रमशाळा आहेत, आणि खेड-आंबेगावच्या पश्चिमेकडील ठाकर, महादेव कोळी मुलांचे शिक्षण बव्हंशी त्यांच्यावर अवलंबून आहे. समाजकल्याण खात्याची वसतिगृहे आहेत. १९८६ च्या शैक्षणिक धोरणातून निघालेल्या नवोदय विद्यालयांपैकी पुणे जिल्ह्याचे विद्यालय चाकण-शिक्रापूर पट्ट्यालगत पिंपळे जगताप येथे आहे. तेथे राहणे, जेवण, पुस्तके सर्व मोफत, आणि बहुतांश जागा ग्रामीण मुलांसाठी राखीव. पण प्रवेश पाचवीतल्या स्पर्धा परीक्षेवर, आणि ज्याने चौथी एका गावात व पाचवी दुसऱ्या गावात काढली, त्यातही मधले तीन महिने धाकट्या बहिणीला सांभाळण्यात घालविले, ते मूल त्या परीक्षेत मागे पडणार हे सांगावयास ज्योतिषी नको. महानगरपालिका दहावीत उत्तम गुण मिळविणाऱ्यांस रोख बक्षीस देते. ते दहावीपर्यंत पोहोचलेल्यांसाठी आहे. दहावीनंतर बाहेरगावी शिकणाऱ्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे, आणि पुणे, पिंपरी-चिंचवडसारख्या शहरांत तिच्याद्वारे भोजन, निवास व निर्वाह मिळून वर्षास ६०,००० रुपये खात्यात जमा होतात. त्याच धर्तीवर अन्य समाजघटकांसाठीही योजना निघाल्या, त्याही बहुतेक दहावी-बारावीनंतरच्या. शिक्षण हक्क कायद्याने खाजगी शाळांत मिळणारी पंचवीस टक्क्यांची सवलत आठवीस संपते, आणि तीत निवासाचा अंतर्भाव नाही. बाप विमाधारक असेल आणि कामावर असताना अपघातात गेला असेल, तर कर्मचारी राज्य विमा योजनेतून आश्रितांना वेतनाच्या नव्वद टक्के दराने निवृत्तिवेतन मिळते, त्यात विधवेचा व मुलांचा हिस्सा ठरलेला आहे. ठेकेदाराने त्याचे नाव विम्यात घातलेच नसेल तर या सुंदर तरतुदीचा त्या घराला काही उपयोग नाही. कोविडच्या साथीत दोन्ही पालक गमावलेल्या मुलांच्या नावे राज्याने पाच लाखांची ठेव ठेवली, केंद्राने तेवीस वर्षे पूर्ण होताना दहा लाख देण्याची योजना आखली. हे सर्व जमेस धरले तरी एक पोकळी उरते, आणि ती वयाच्या नऊ ते सोळा या टप्प्यात पडते; नेमक्या त्या वयात, जेव्हा मूल घरातील भांडण समजण्याइतके मोठे आणि त्यातून सुटण्याइतके लहान असते.

या ठिकाणी कारखानदारीची जबाबदारी पुढे येते. कंपनी कायदा २०१३ च्या १३५ व्या कलमाने, १ एप्रिल २०१४ पासून, ज्यांची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटींवर आहे अशा कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यासाठी खर्चणे बंधनकारक झाले. कायद्याच्या सातव्या परिशिष्टात शिक्षण तर आहेच, शिवाय स्त्रिया व अनाथ यांच्यासाठी निवास आणि वसतिगृहे उभारणे असा स्पष्ट उल्लेख आहे. भाऊरावांनी जी बोली मागितली होती ती अशा रीतीने नव्वद वर्षांनी कायद्याच्या पुस्तकात आली. परंतु व्यवहारात या पैशाचा ओघ कोठे जातो ते पाहावे. शाळेला बाके, संगणक, पाण्याची शुद्धीकरण यंत्रे, स्वच्छतागृह, रंगविलेल्या भिंती, म्हणजे ज्यांचे छायाचित्र वार्षिक अहवालात शोभेल आणि ज्यांचा खर्च मार्चअखेर पुरा होईल अशा वस्तू. मुलाला रोज रात्री मिळालेल्या भाजी-भाकरीचे छायाचित्र निघत नाही, आणि तो खर्च कोणत्याही मार्चअखेरीस पुरा होत नाही. नियमांनी अनेक वर्षे चालणाऱ्या प्रकल्पांना मुभा दिली आहे, ती आरंभीचे वर्ष सोडून तीन वर्षांपर्यंत. पाचवीत वसतिगृहात आलेल्या मुलाचे हे चार वर्षांचे पाथेय आठवीत संपते. बारावी अजून चार वर्षे दूर असते, आणि व्यवस्थापनातले साहेब तोवर बदलून गेलेले असतात.

इतर देशांत हा पेच कसा सोडविला गेला? इंग्लंडात क्राइस्ट्स हॉस्पिटल नावाची निवासी शाळा १५५२ साली लंडनच्या निराधार मुलांसाठी स्थापन झाली आणि ती आजही चालू आहे. तिचे रहस्य असे की संस्थापकांनी व पुढील दात्यांनी तिला जमिनी व ठेवी दिल्या, उत्पन्नाचे साधन दिले. कुटुंबाची ऐपत पाहून प्रत्येकाची फी ठरते, आणि मुलाचे भवितव्य त्या वर्षी कोण मंत्री आहे किंवा कोणाचा व्यापार तेजीत आहे यावर ठरत नाही. आपल्याकडे देवस्थानांना वर्षासने, विद्वानांना दक्षिणा आणि अन्नछत्रांना इनामे देण्याची परंपरा होती; म्हणजे कायमस्वरूपी नेमणूक ही कल्पना परकी नाही. ती मुलांच्या बाबतीत मात्र आपण विसरलो.

येथे एक गंभीर आक्षेप विचारात घेणे अगत्याचे आहे. मुलाला घरापासून तोडून संस्थेत ठेवणे हे मुळातच इष्ट आहे काय? निवासी शाळांचा इतिहास सगळाच उज्ज्वल नाही. कॅनडात मूळ रहिवाशांची सुमारे दीड लाख मुले पिढ्यान्‌पिढ्या निवासी शाळांत कोंडली गेली, त्यांची भाषा तोडली गेली, आणि २००८ साली त्या देशाच्या पंतप्रधानांना संसदेत क्षमा मागावी लागली. आपल्याकडेही गुन्हेगार जमाती कायद्यात मुलांना आईबापांपासून वेगळे काढून सुधारशाळांत धाडण्याची तरतूद होती. ‘तुमच्या भल्यासाठी’ या शब्दांनी सुरू झालेल्या अनेक गोष्टींचा शेवट दुःखद झाला आहे. म्हणूनच २०१५ च्या बाल न्याय कायद्याने संस्थेतील निवास हा शेवटचा उपाय मानला, अशा संस्थांची नोंदणी सक्तीची केली आणि बाल कल्याण समितीची देखरेख ठेवली. नोंदणी टाळून, पाट्या लावून मुले गोळा करणारी निवासस्थाने तीर्थक्षेत्रांत आणि शहरांच्या कडांना निघतात, आणि मुलांच्या छळाच्या तक्रारी उघडकीस आल्यावर सगळ्यांना जाग येते. तेव्हा श्रद्धाळू देणगीदाराने पावतीबरोबर नोंदणीचे प्रमाणपत्रही मागून घेण्याची सवय लावून घ्यावी.

याच दृष्टीने बालसंगोपन योजनेचे महत्त्व मोठे. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावाने चालणारी ही योजना मुलाला संस्थेत न पाठविता आजी, मावशी, एकटी आई यांच्याकडेच ठेवण्यासाठी मासिक साहाय्य देते. ही रक्कम पूर्वी ४२५ रुपये होती, पुढे १,१०० झाली आणि २०२३ साली २,२५० करण्यात आली. महाळुंग्याच्या त्या आजीला हे २,२५० रुपये वेळेवर, दरमहा मिळाले, तर कदाचित नातवाला बोर्डिंगात घालण्याची वेळ तिच्यावर येणारच नाही. जिथे प्रेम करणारे एक माणूस आहे आणि कमतरता पैशाची आहे, तिथे पैसा घरी पोचवावा. जिथे घरातच मार आहे, दारू आहे, किंवा घरच नाही, तिथे वसतिगृह द्यावे. हा भेद कागदावर होत नाही, तो वस्तीत जाऊन करावा लागतो. वस्तीतली अंगणवाडी सेविका, आशाताई, शाळेतला वर्गशिक्षक यांना कोणते मूल कोणत्या कारणाने गैरहजर आहे हे ठाऊक असते, आणि त्यांचे मत आज कोणत्याही शिष्यवृत्तीच्या नमुन्यात मागितले जात नाही.

वसतिगृह चांगले की वाईट हे ठरविण्याची अनुभवी गृहपालांची एक कसोटी आहे. इमारत पाहू नये, निकालपत्रक पाहू नये. उन्हाळ्याच्या सुटीत मुले कोठे जातात ते विचारावे. ज्या संस्थेत प्रत्येक मुलाची पत्र्याची पेटी मे महिन्यात कोणाच्या तरी घरी जाते, मग ते घर मामाचे असो वा दूरच्या आत्याचे, त्या संस्थेने मुलाचा गोतावळा राखला आहे असे समजावे. ज्या संस्थेत सुटीतही सगळ्या पेट्या जागच्या जागी असतात, तेथे एकतर मुले खरोखर निराधार आहेत, किंवा त्यांना निराधार ठेवण्यात कोणाचा तरी हितसंबंध आहे.

मग या पट्ट्यात करावयाचे काय? मागणी मोठी नाही, पण ती काटेकोर आहे. एका मुलाच्या पाचवी ते बारावी या आठ वर्षांचा निवास, भोजन, वैद्यकीय खर्च आणि सुटीतील प्रवास यांचा हिशेब मांडावा, आणि तेवढ्या रकमेची स्वतंत्र ठेव मुलाच्या नावे, दरसाल ठराविक हप्ता सुटेल अशा बंधनाने ठेवावी. हप्ता संस्थेच्या नावे न बांधता मुलाच्या नावे बांधावा, म्हणजे वसतिगृह बंद पडले, बदलावे लागले किंवा घर पुन्हा उभे राहून मूल आजीकडे परतले, तरी तो त्याच्यामागून जाईल. निवड गुणांवर नव्हे, अडचणीवर व्हावी, आणि ती अडचण दाखल्याने नव्हे, चौकशीने ठरावी. अठरा वर्षे पूर्ण झाली की कायद्याने मूल मूल राहत नाही, म्हणून पहिल्या नोकरीपर्यंतच्या आणखी दोन-तीन वर्षांची सोय सुरुवातीसच करून ठेवावी. एकवीस वर्षांपर्यंतच्या अनुरक्षणाची कल्पना कायद्यातही आहे. कंपन्यांना हे अवघड वाटू नये. यंत्र विकत घेतात तेव्हा त्या यंत्राच्या सर्व आयुष्याच्या देखभालीचा करार त्याच बैठकीत होतो, आणि तो करार साहेब बदलले म्हणून कोणी मोडीत काढीत नाही.

भाऊरावांना कारखानदाराकडून जी बोली लेखी घेता आली नाही, तिचा अर्धा भाग आज संसदेने घेऊन दिला आहे. नफ्यात वाटा आहे हे आता वादाचे उरले नाही. राहिलेला अर्धा भाग मुदतीचा आहे, आणि तो घेणे हे येथील महानगरपालिका, चाकण परिसरातील ग्रामपंचायती, कामगार संघटना आणि उद्योजकांच्या मंडळांचे काम आहे. त्यांनी एकत्र बसून पहिल्या वर्षी पंचवीस मुलांची वर्षासने बांधून दिली, आणि ती आठही वर्षे न चुकता पाळली, तर पुढच्या वर्षी पन्नासांसाठी कोणाचे मन वळवावे लागणार नाही.